कानाचं काम

कृष्णातनं रेस दिली तशी समोरच्या शेडवरची कबुतरं एकदम उडाली. शेजारचे लेथवाले माणगावे हातातला जॉब तसाच सोडून दारात आले आणि दोन्ही कानांवर हात ठेवून उभे राहिले. आमच्या भिंतीला टांगलेले पाने खुळखुळले. त्या सगळ्या गदारोळात डॉक्टर नेसरीकर मात्र लाल गाडीच्या मागे डोळे मिटून, देवळात उभं राहावं तसे शांत उभे होते.

त्यांनी हात वर केला. कृष्णातनं गाडी बंद केली.

"भारदस्त आहे," डॉक्टर म्हणाले. "पण धार नाही."

"व्हय साहेब," आमचे वस्ताद लगेच म्हणाले. "जरा बसल्यागत वाटतोय."

मी वस्तादांच्या तोंडाकडे बघत राहिलो. सायलेन्सर बसवायच्या आधी डॉक्टरांनी आम्हाला स्वच्छ सांगितलं होतं, कसा आवाज हवा ते. विलायतेत शिकत असताना ते राहायचे त्या गल्लीत संध्याकाळी अशीच एक गाडी यायची. तिचा आवाज म्हणजे कोरं मांजरपाट दोन्ही हातांनी टर्रकन फाडावं तसा. तो त्यांनी चाळीसेक वर्षं कानात जपून ठेवला होता, आणि आता गाडी घेतली, बाहेरून सायलेन्सर मागवला, तो त्या आवाजासाठीच. आणि मला तर अगदी तसाच आवाज आला होता. मांजरपाट नुसतं फाडलं नव्हतं, तागेच्या तागे फाडले होते.

पण डॉक्टर म्हणाले धार नाही, वस्ताद म्हणाले बसल्यागत वाटतोय, आणि कृष्णात गाडीतून उतरता उतरता म्हणाला, "वरचा बारीक आवाज कमी पडतोय, साहेब." मग तिघंही माझ्याकडे बघायला लागले, कारण कानाचं काम माझं होतं.

"व्हय," मी म्हणालो. "पडतोय खरा."

कानाचं काम म्हणजे काय ते सांगायला हवं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमच्या वस्तादांचं, म्हणजे हमीद शिकलगारांचं, सायलेन्सरचं वर्कशॉप होतं. त्यांचे वाडवडील सुऱ्या-तलवारींना धार लावायचे. वस्तादांनी तो धंदा सोडून नळ्या वाकवायला घेतल्या. ट्रक, ट्रॅक्टर, जीप, जे येईल त्याचं काम आम्ही करायचो, आणि काम झालं की गाडी बाहेर काढायच्या आधी एकानं ती ऐकायची. कुठं फट राहिली, कुठं नळी बॉडीला घासते, कुठला पत्रा कंप पावतो, हे सगळं कानानं शोधायचं. बरीच वर्षं वस्ताद स्वतः ऐकत. मग एका पाडव्याला सगळ्यांसमोर नारळ माझ्या हातात देऊन म्हणाले, "आजपासनं कानाचं काम बजरंगचं." त्या दिवसापासून मी ग्राइंडरला हात लावला नाही. वस्तादांना मुलगा नव्हता, मुली मिरजेला दिलेल्या. आपल्यामागं वर्कशॉप कोण बघणार हे ते तोंडानं बोलत नसले तरी कान ज्याचे, वर्कशॉप त्याचं, हे आम्ही सगळे धरून चाललो होतो. कृष्णातसुद्धा. तो माझ्याआधी लागलेला, त्यामुळे त्यानं ते जरा कडू तोंडानंच धरलं होतं.

आणि वस्तादांचा एक नियम होता. गिऱ्हाइकाच्या कानाला खोटं पाडायचं नाही. मी नवीन असताना एका जीपवाल्याला सांगून बसलो होतो की मालक, गाडीत काही आवाज नाही. तो गेला तो परत आला नाही, आणि गावभर सांगत सुटला की शिकलगारांकडं बहिरी माणसं ठेवलीत. त्यावर वस्तादांनी मला समोर बसवून शिकवलं. गिऱ्हाईक म्हणालं खडखड येते, तर आधी येते म्हणायचं. मग खाली शिरायचं, दोन बोल्ट आवळायचे, बाहेर यायचं आणि विचारायचं, आता? ते म्हणतं, आता गेली. दोघांचंही समाधान. हा नियम आमच्याकडं इतका मुरला होता की घरी बायको म्हणाली आमटी खारट झाली, तरी मी चव घ्यायच्या आधी व्हय म्हणायचो.

आता डॉक्टर नेसरीकरांबद्दल. छातीचे डॉक्टर. साठी उलटलेली, उंच, पांढरे केस मागं वळवलेले. जिल्ह्यातला जुनाट खोकला सगळा त्यांच्या दारात जायचा. माझ्या आईचाही गेला होता. महिनाभर खोकत होती म्हणून मी तिला त्यांच्या दवाखान्यात नेलं, तर गाडीचं काम माझ्याकडं आहे हे कळल्यावर त्यांनी तिला रांगेतसुद्धा बसू दिलं नाही. पाठीला नळी लावून शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, छाती स्वच्छ आहे, घशाचा खोकला आहे, जाईल. एक पैसा घेतला नाही. माणूस असा की तुमच्याशी बोलताना तुमच्या तोंडाकडे टक लावून बघणार. मी गाडीखालून काही बोललो तर ते खाली वाकून म्हणत, बाहेर ये आणि नीट सांग. एवढा मोठा माणूस आपलं बोलणं इतकं मन लावून ऐकतो, याचं आम्हाला फार अप्रूप वाटायचं.

त्यामुळे त्या गाडीचं काम मी जीव ओतून केलं होतं. दोन माणसांची गाडी, इतकी बुटकी की आत बसायचं म्हणजे पाटावर बसावं तसं. खाली जागा अशी नाहीच. जुना सायलेन्सर उतरवला, तो पोत्यात गुंडाळून माळ्यावर ठेवला. नव्या नळ्या खोक्यातून काढल्या तेव्हा त्यांच्यात तोंड दिसत होतं. सांधे जुळवले, मधली गास्केटं बसवली, लोंबत्या नळीला धरून ठेवणारी रबरं नवी घातली, मागचा पत्रा भाजू नये म्हणून मध्ये अंतर सोडलं. डॉक्टर स्टुलावर बसून सगळं बघत होते. वस्तादांनी नळीला स्वतः हळदकुंकू लावलं. हिंदू गिऱ्हाइकांसाठी ते ठेवणीतला करंडा बाळगायचे. एवढं सगळं करून, धार नाही.

बरं, नाही तर नाही. आम्ही लागलो धार लावायला. गाडी दर आठवड्याला यायची. पहिल्यांदा आम्ही सगळे सांधे सोडून पुन्हा बसवले. डॉक्टर डोळे मिटून उभे राहिले आणि म्हणाले, किंचित फरक आहे, पण नाही. मग सायलेन्सरच्या आत आवाज मऊ करायला काचेची लोकर भरलेली असते, ती थोडी काढली. त्या दिवशी माणगाव्यांनी कानात कापूस घातला आणि मला बाजूला घेऊन विचारलं की बाबा, हे सायलेन्सर बसवायचं काम चाललंय का काढायचं. मग बाकीची लोकर काढली. पलीकडच्या चहावाल्यानं गाडी आली की दुधाचं पातेलं आत नेऊन ठेवायला सुरुवात केली. डॉक्टर आपले समंजसपणे मान हलवत म्हणायचे, "खालचा घुमारा येतो आहे. वरचं काही नाही. दबलंय."

"दबलंय," वस्ताद म्हणायचे.

"दबलंयच," कृष्णात म्हणायचा.

आणि मला कानठळ्या बसत असायच्या. वर, खाली, मध्ये, सगळीकडून.

पहिले काही दिवस मी हसण्यावारी नेलं. नंतर माझी झोप उडाली. एकटे डॉक्टर म्हणाले असते तर गोष्ट वेगळी. पण कृष्णात तर नेमकं सांगायचा, वरची बाजू कमी, शेवट तुटका. मी एकदा त्याला चहाला नेलं आणि शपथेवर विचारलं, की खरंच तुला आवाज दबलेला येतो का. त्यानं कप खाली ठेवला.

"येतो की. तुला येत न्हाई?"

त्याच्या डोळ्यांत जी चमक आली ती बघून मी घाईनं म्हणालो, येतो, येतो, तुझं बघत होतो.

वस्तादांना विचारायला गेलो तर ते हिशेब करत होते. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, "कानाचं काम तुझं. मला काय इचारतोस?" मला ते बोलणं लागलं. मी तिथनं निघालो तो एकच विचार घेऊन. जे सगळ्यांना ऐकू येतंय ते मलाच येत नाही. पत्रा ठोकून ठोकून माझे कान गेले. आमच्या उद्यमनगरात ही काही नवलाची गोष्ट नव्हती. प्रेसवर काम केलेली माणसं चाळिशीत हातवारे करून बोलायची. ती मुकादम व्हायची, वॉचमन व्हायची. सायलेन्सरचं वर्कशॉप त्यांच्या हातात कुणी देत नसे.

मी घरी कान तपासायला सुरुवात केली. घड्याळ कानाशी धरायचो, टिकटिक यायची. लांब धरायचो, तरी यायची. पण तेवढ्यानं काय होतं? मला गाडीचा आवाजही येतच होता की, त्यातला दोषच तेवढा येत नव्हता. मालन, माझी बायको, तिला मी म्हटलं की पलीकडच्या खोलीत जाऊन काहीतरी हळू बोल. ती गेली आणि बोलली, "सिलेंडर संपत आलाय." मी आतून ओरडलो, ऐकू आलं. ती बाहेर येऊन म्हणाली, "ह्येच्याआधी पाच येळा बोलले तवा कुठं गेल्ते कान?" तिची थट्टा चालली होती आणि मी ते पाच मनात धरून बसलो. रात्री भिंतीपलीकडून आईचा खोकला यायचा. तो मला स्पष्ट यायचा, खोकल्यामागची बारीक कुरकुरसुद्धा. मला वाटायचं, ही कुरकुर खरी आहे का माझ्या कानात होते आहे? डॉक्टरांनी तर स्वच्छ म्हणून सांगितलं होतं. म्हणजे माझ्याच कानात. मी उशी डोक्यावर घ्यायचो.

मग एका शनिवारी, डॉक्टर पुन्हा नाराज होऊन गेल्यावर, वस्तादांनी हात पुसत सगळ्यांदेखत सांगितलं, "बजरंग, अजून एक डाव ऐक. ह्या येळंला न्हाई सापडलं, तर म्होरल्या गाडीपासनं कृष्णातला ऐकू दे जरा." आवाज चढवला नाही, चेहराही वाकडा केला नाही. कृष्णात खाली बघून गाडीचा जॅक पुसत होता, तो आधीच स्वच्छ होता.

मी ठरवलं. जे आहे ते एकदा कळू दे. कानाचे मोठे डॉक्टर होते, पण ओळखीशिवाय आठ-आठ दिवस नंबर लागायचा नाही. नेसरीकरांनी एक चिठ्ठी दिली तर काम लगेच झालं असतं. म्हणून सोमवारी, वर्कशॉपला सुट्टी असते त्या दिवशी, दुपारी पेशंट नसतात अशा वेळी मी त्यांच्या दवाखान्यात गेलो. जाताना वाटेत स्वतःला बजावलं होतं, आज व्हयला व्हय करायचं नाही. कान माझे आहेत.

डॉक्टर टेबलाशी बसून एक्स-रे बघत होते. मला बघून आधी त्यांना वाटलं गाडीचं काही सापडलं. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं.

"साहेब, तुमच्या गाडीतला दोष मला ऐकू येत न्हाई. समद्यांना येतोय, मलाच येत न्हाई. माझं कान गेल्यात. मला कानाच्या डॉक्टरास्नी एक चिठ्ठी द्या."

त्यांनी मला पुन्हा बोलायला लावलं, माझ्या तोंडाकडे बघत. मी पुन्हा सांगितलं. ते हसले, प्रेमानंच हसले, आणि मला स्टुलावर बसवून आधी दोन्ही कानांत बॅटरी मारून बघितलं. म्हणाले, मळसुद्धा नाही. मग टेबलाचा खालचा खण ओढून त्यांनी एक लांबट पेटी काढली. आत पोलादाचे दोन दातांचे, आपटले की नाद करणारे चिमटे होते, एकापेक्षा एक लहान. त्यांच्या शिकायच्या दिवसांतले. म्हणाले, चिठ्ठी देतोच, पण ही परीक्षा जुनी आणि साधी आहे. चिमटा वाजवायचा. ते आधी स्वतःच्या कानाशी धरणार. त्यांना ऐकू यायचा थांबला की माझ्या कानाशी आणणार. माझे कान चांगले असतील तर मलाही तो थांबलेला वाटला पाहिजे.

"डोळे मीट," ते म्हणाले. "आणि खरं तेच सांग."

मी डोळे मिटले. चिमटा गुडघ्यावर आपटल्याचा बारीक आवाज आला. मग बराच वेळ काही नाही. मग माझ्या उजव्या कानाशी गार हवेसारखं काहीतरी आलं आणि त्यात घूं करून नाद चालू होता.

"येतो?"

"किंचित येतोय."

"ठीक आहे." पेटीत दुसरा शोधल्याची खुडबुड झाली.

दुसरा त्याहून लहान असावा, कारण आवाज वरचा होता. तो माझ्या कानाशी आला तेव्हा चांगला वाजत होता. देवघरातली घंटा वाजवून झाल्यावर नाद उरतो तेवढा तरी होता.

"येतो?"

माझी पंचाईत झाली. त्यांच्या कानाला तो थांबला होता, म्हणजे चांगल्या कानाला तो थांबलेलाच असायला हवा. मग मला कसा येतो? कारखान्यातल्या माणसांच्या कानात आपोआप शिट्ट्या वाजतात, हे मी ऐकून होतो. हीच ती शिट्टी असणार. म्हणजे कान खरंच गेले. तोंडावर आलं होतं, थांबला साहेब, थांबला. तेवढं म्हटलं असतं तर मी पास झालो असतो, चिठ्ठीही नको आणि काही नको. पण मी कशासाठी आलो होतो?

"येतोय, साहेब," मी म्हणालो. "चांगला येतोय."

"अजून?"

"अजून येतोय."

आवाज हळूहळू बारीक होत गेला आणि संपला, तसं मी सांगितलं. मग पुन्हा आपटल्याचा आवाज आला. ह्या वेळी मध्ये वेळ गेलाच नाही. चिमटा त्यांनी स्वतःच्या कानाशी नेला असेल नसेल, लगेच तो माझ्याकडे आला, आणि इतका टोकदार वाजत होता की मी मान थोडी बाजूला घेतली.

"येतो का?" त्यांचा आवाज बदलला होता.

"लई जोरात."

"आणि आता?"

तो एकदम थांबला. विझत विझत नाही, सुरीनं कापल्यागत.

"थांबला," मी म्हणालो आणि भीतीनं डोळे उघडले. मला वाटलं माझा कानच बंद पडला. डॉक्टरांनी चिमट्याचे दोन्ही दात बोटांत गच्च दाबून धरले होते. ते माझ्याकडे बघत नव्हते. त्या चिमट्याकडे बघत होते.

त्यांनी बोटं सोडली, तो पुन्हा आपटला, माझ्यादेखत आधी स्वतःच्या उजव्या कानाशी धरला, मग डाव्या. माझ्यापासून तो हातभर लांब होता आणि मला तिथूनही येत होता. त्यांच्या चेहऱ्यावर काहीही उमटलं नाही. त्यांनी तो पेटीत ठेवला, झाकण लावलं आणि झाकणावर हात ठेवून बसून राहिले.

मला अजूनही धड कळलं नव्हतं. मी विचारलं, "माझं कान, साहेब?"

"तुझे कान उत्तम आहेत."

"मग गाडी?"

"गाडीही उत्तम असणार." मग त्यांनी विचारलं, "पहिल्या दिवशी तुला कसा आवाज आला होता?"

"मांजरपाट फाडल्यागत, साहेब. तुम्ही सांगितला हुता तस्साच. तवापासनं रोज तसाच येतोय."

"मग तू हो का म्हणालास?"

"तुम्ही म्हणालासा म्हणून."

त्यांनी मान हलवली. मी त्यांना दुखावलं असं मला वाटलं, म्हणून मी घाईघाईनं वस्तादांचा नियम सांगायला लागलो, जीपवाल्याची गोष्ट सांगायला लागलो. ते ऐकत होते की नाही कोण जाणे. मध्येच म्हणाले, घरी टीव्हीचा आवाज वाढवतो तर बायको काही बोलत नाही. दवाखान्यातल्या सिस्टर हल्ली समोर येऊन बोलतात, मला वाटायचं आदरानं येतात. त्यांच्या टेबलावर त्यांची छाती तपासायची नळी पडली होती. त्यांनी ती उचलली, कानात घातली, पुन्हा काढली आणि एकदम माझ्याकडे बघितलं.

"तुझ्या आईचा खोकला कसा आहे?"

"हाय तसाच. रातचा वाढतोय."

"खोकल्यामागं काही बारीक आवाज येतो? कुरकुर? केस बोटांत चोळल्यासारखी?"

मी म्हणालो येतो, पण मला वाटलं माझ्या कानात होतोय.

त्यांनी लगेच कागद ओढला आणि कुलकर्णी नावाच्या त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या डॉक्टरला चिठ्ठी लिहिली. म्हणाले, उद्या नाही, आत्ता घेऊन जा, एक्स-रे काढायला लाव, मी फोन करून ठेवतो. फोनकडे हात नेला आणि थांबले. मग बेल वाजवून सिस्टरला आत बोलावलं आणि तिला फोन करायला सांगितला. माझ्याकडे वळून म्हणाले, "मी तिला स्वच्छ आहे म्हणून सांगितलं होतं."

मी म्हणालो, "व्हय, साहेब."

दारातून बाहेर पडताना मी ऐकलं, ते सिस्टरला सांगत होते की संध्याकाळचे पेशंट घेऊ नका, आणि पावसाळ्यापासून ज्यांना ज्यांना छाती साफ आहे म्हणून सांगितलं, त्या सगळ्यांना परत बोलवा, कुलकर्णी बघतील. सिस्टर म्हणाली, सगळ्यांना? ते म्हणाले, जरा मोठ्यानं बोला.

आईच्या उजव्या फुप्फुसाच्या तळाला न्यूमोनिया निघाला. फार उशीर झाला नव्हता. आठवडाभर दवाखान्यात राहिली, सुया टोचणाऱ्या पोरींना नावं ठेवत बरी झाली. त्या आठवड्यात मी वर्कशॉपला गेलो नाही. परत गेलो तेव्हा वस्तादांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. त्यांनी दाढी खाजवली.

"म्हंजे धार हुती?"

"हुती, वस्ताद. तुम्हाला येत न्हवती?"

"येत हुती की," ते म्हणाले. "पर डॉक्टर माणूस. म्हटलं, आपल्यापरास त्येंला जास्त कळत असंल."

कृष्णातला मी काही विचारलं नाही. त्यानंच दुपारी माझ्यासाठी चहा आणला, न सांगता.

दिवाळीनंतर लाल गाडी पुन्हा आली. डॉक्टर उतरले. दोन्ही कानांमागं हलक्या रंगाची छोटी यंत्रं होती. केसांनी झाकायचा प्रयत्न केला होता, पण दिसत होती. म्हणाले, हा सायलेन्सर काढ, जुना बसव. जुना ठेवलाय ना? मी माळ्यावरून पोतं खाली काढलं. मग ते म्हणाले, काढायच्या आधी एकदा सुरू करा, मला ऐकायचा आहे.

कृष्णात आत बसला. डॉक्टर नेहमीच्या जागी, गाडीच्या मागे, डोळे मिटून उभे राहिले. मी त्यांच्या शेजारी. माणगावे कापूस शोधायला आत पळाले.

कृष्णातनं रेस दिली. कबुतरं उडाली, पाने खुळखुळले, आणि डॉक्टर असे दचकले की त्यांचा हात माझ्या खांद्यावर आला. क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं, त्या विलायतेतल्या गल्लीत कुणी वळून बघावं तसं. मग त्यांनी दोन्ही हात कानांवर घेतले. कृष्णातनं गाडी बंद केली तरी ते तसेच उभे होते.

त्यांनी समोर बघितलं. चहावाला पातेलं घेऊन आत उभा होता. माणगाव्यांच्या कानांत कापूस होता. रस्त्यापलीकडच्या दुकानातली माणसं सवयीनं कामं थांबवून आवाज संपायची वाट बघत होती.

"एवढा आवाज घेऊन मी गावभर फिरत होतो?" डॉक्टर म्हणाले. "सहा महिने?"

"न्हाई साहेब," वस्ताद लगेच म्हणाले. "एवढा काय न्हवता."

डॉक्टरांनी वस्तादांकडे बघितलं नाही. ते वळले आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिले, पूर्वी बघायचे तसे.

"होता, साहेब," मी म्हणालो, आणि पाना घेऊन गाडीखाली शिरलो.